खरवडलेली शेवंती : जुनी जपानी रायफल समोर आली तर त्यात काय वाचायचं?

जुलै २०२३ मध्ये टोकियोत काही म्हाताऱ्या भावंडांच्या हातात कापडाचा एक जुना तुकडा देण्यात आला. पांढऱ्या कापडावर मधोमध लाल सूर्य आणि भोवती शाईने लिहिलेली नावंच नावं. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या त्यांच्या वडिलांचा तो झेंडा होता. त्याआधी २९ वर्षं तो अमेरिकेत होता, टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी इथे. तिथली युएसएस लेक्सिंग्टन ही युद्धनौका आता संग्रहालय झाली आहे आणि तिच्यावर हा झेंडा मांडलेला होता.

अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. २०२५ मध्ये युद्ध संपून ८० वर्षं झाली. लढलेली पिढी जवळपास संपली, आणि तिच्या ट्रंका आता नातवंडं उघडताहेत. त्यात रायफली निघतात, संगिनी, तलवारी, कंबरपट्टे, झेंडे निघतात. अमेरिकेत या वस्तू हौसेने जमवणारे हजारो लोक आहेत. आपल्याकडे मात्र ही बातमी वाचताना लोक गोंधळतात. शत्रूची बंदूक कुणी का जपावी? आणि झेंडा परत करतात, तर बंदूक का परत करत नाहीत? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सगळा विषय सामावलेला आहे. पण तिथवर जायचं तर आधी बंदूक समजून घ्यावी लागेल.

दाराच्या बोल्टसारखी बंदूक

जपानी पायदळाची त्या काळातली मुख्य रायफल म्हणजे ‘अरिसाका’. कर्नल अरिसाका नारिआकिरा यांच्या देखरेखीखाली १८९७ मध्ये या घराण्यातली पहिली रायफल तयार झाली, म्हणून हे नाव. ही ‘बोल्ट-ॲक्शन’ जातीची बंदूक. तिचं काम कळायला घरातल्या दाराचा लोखंडी बोल्ट आठवा. दांडा पुढे सरकवायचा, मूठ खाली वळवायची, की दार पक्कं बंद. इथेही तसंच. दांडा मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं काडतूस नळीत बसतं, मूठ खाली वळवली की मागची बाजू बंद होते. मग चाप ओढायचा. दर गोळीला ही कसरत पुन्हा. पेटीत पाच काडतुसं मावतात.

दुसरा शब्द ‘कॅलिबर’. याचा अर्थ नळीच्या आतल्या भोकाचा व्यास. एवढे दोन शब्द पुरे.

नावातच साल

अरिसाकाची दोन रूपं सगळ्यात जास्त दिसतात. एक ‘सान्पाची शिकी’, म्हणजे नमुना ३८. दुसरी ‘क्यूक्यू शिकी’, म्हणजे नमुना ९९. हे आकडे कुठून आले, ते मराठी माणसाला चटकन कळेल, कारण आपणही शके आणि इसवी सन असे दोन हिशेब सांभाळतो. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्ष मोजतात. मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीचं ३८ वं वर्ष म्हणजे १९०५. पुढे त्यांनी जपानच्या पहिल्या सम्राटापासून मोजायचा दुसरा हिशेब वापरला, जो इसवी सनाच्या ६६० वर्षं पुढे आहे. त्यातल्या २५९९ चे शेवटचे दोन आकडे म्हणजे ९९, आपलं १९३९. हे नाव नळीच्या मागच्या भागावर उभ्या अक्षरांत कोरलेलं असतं. ज्याला जपानीचं एकही अक्षर येत नाही, तोही दोन सारखी अक्षरं वर-खाली दिसली की ‘ही ९९’ म्हणून ओळखू शकतो.

३८ ची रायफल सुमारे १२८ सेंटिमीटर लांब. टोकाला संगीन लावली की १६६ च्या आसपास, म्हणजे ती वाहणाऱ्या बहुतेक सैनिकांपेक्षा उंच. कॅलिबर साडेसहा मिलिमीटर. लांब नळी आणि बेताचं काडतूस, त्यामुळे खांद्याला धक्का कमी आणि नळीच्या तोंडाशी उजेड कमी. चीनच्या युद्धात जपानी लष्कराला ही गोळी अपुरी वाटू लागली, म्हणून ७.७ मिलिमीटरची ९९ आणली. पण जुन्या बंदुका बदलून व्हायच्या आत महायुद्ध पेटलं आणि एकाच सैन्यात दोन मापांची काडतुसं वाहून न्यायची वेळ आली. ब्रह्मदेशच्या जंगलात, जिथे तांदळाची पोतीही पोचत नव्हती, तिथे या दोन मापांनी काय हाल केले असतील याची कल्पना करा.

शेवंती कुणी खरवडली?

आता बंदूक जवळून पाहू. नळीच्या मागच्या भागावर, वरच्या बाजूला शेवंतीचं फूल कोरलेलं असतं. मोजून १६ पाकळ्या. हे जपानच्या सम्राटाचं चिन्ह. आपल्या घरात लग्नात आलेल्या पितळी पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं ना, तसंच. भांडं कुणाच्याही स्वयंपाकघरात गेलं तरी ते कुणाचं, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं. बंदूक सैनिकाच्या हातात असली तरी मालक सम्राट. तिची हेळसांड म्हणजे सम्राटाचा अपमान, असं सैनिकाच्या मनावर बिंबवलेलं असे.

पण आज जगात ज्या अरिसाका आहेत त्यांपैकी पुष्कळांवर हे फूल नाही. त्या जागी कानशीचे ओरखडे दिसतात, किंवा छिन्नीचे घाव. तिरप्या उजेडात धरली तर कडेला दोन-तीन पाकळ्यांचे शेंडे अजून दिसतात. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा कोठारांतल्या लाखो रायफली शत्रूच्या ताब्यात द्यायच्या होत्या. सम्राटाचं चिन्ह परक्याच्या हातात जाऊ नये म्हणून ती फुलं आधी खरवडली गेली. लढाई चालू असताना मेलेल्या सैनिकाजवळून उचललेल्या बंदुकीवर मात्र फूल तसंच राहिलं, कारण तिथे खरवडायला कुणाला वेळ नव्हता.

म्हणजे एका इंचाच्या जागेवरून एवढं कळतं की ही बंदूक बहुधा रणांगणातून आली की शरणागतीनंतरच्या ढिगातून. ‘बहुधा’ म्हणायचं, कारण याला अपवाद आहेत. जुन्या झालेल्या रायफली शाळांना कवायतीसाठी दिल्या जात, तेव्हाही फुलावर रद्द केल्याची खूण ठोकत. परदेशांना विकलेल्या काही बंदुकांवरूनही फूल काढलेलं होतं. अखंड फुलाला बाजारात जास्त भाव मिळतो, म्हणून काही लबाड विक्रेते पुसलेलं फूल नव्याने कोरून देतात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट प्रकार. खरवडलेलं फूल हीच त्या बंदुकीची खरी हकीकत होती, आणि ती पुसून त्या जागी खोटी हकीकत लिहिली.

आरसी बुक नसलेल्या वस्तूचे नंबर

जुनी बुलेट घेताना आपण इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहतो. इथे पुस्तक नसतं, पण नंबर असतात. मुख्य नंबर नळीच्या मागच्या भागाच्या डाव्या अंगावर, आणि तोच बोल्टच्या मुठीच्या मुळाशी. नंबराआधी एका छोट्या वर्तुळात एक जपानी अक्षर असतं. गाड्यांच्या नंबरात ‘एए’ संपलं की ‘एबी’ सुरू होतं, तशी ही मालिका. शेजारी कारखान्याची खूण असते. कोकुरा कारखान्याची खूण म्हणजे एकमेकांवर रचलेल्या तोफगोळ्यांसारखी वर्तुळं.

नंबर जुळले नाहीत तर बंदूक खोटी ठरत नाही. शरणागतीनंतर बोल्ट एका ढिगात आणि बंदुका दुसऱ्या ढिगात ठेवल्या गेल्या, आणि घरी नेणाऱ्या अमेरिकन सैनिकाने हाताला येईल तो बोल्ट उचलला. न जुळणारा नंबरही काही सांगतोच. तसंच लाकडाचं. कधी कधी दस्ता नळीखालच्या कडीपाशी सरळ करवतीने कापलेला आढळतो. सैनिकाला ती लांबलचक बंदूक आपल्या कापडी थैल्यात बसवायची होती, म्हणून त्याने कापली. एखाद्या अनोळखी माणसाला तो दोष वाटेल आणि तो सुताराकडे घेऊन जाईल.

मूठभर जाणकार पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे घासू नका. देवाची पितळी मूर्ती चिंचेने घासून लखलखीत करायची आपली सवय इथे घातक ठरते. चालू गंज थांबवण्यापुरतं हलकं तेल लावावं. पॉलिश, वॉर्निश, सँडपेपर काही नको. लाकडावरचा हाताचा काळसरपणा एकदा गेला की परत येत नाही.

१९४५ ची ओबडधोबड रायफल फुटते का?

ही समजूत फार पसरलेली आहे, आणि तिच्यात थोडंसं तथ्य आहे. सुरुवातीच्या ९९ रायफलींचं काम देखणं होतं. नळीच्या आत क्रोमचा मुलामा होता, वर धूळ अडवणारं पत्र्याचं झाकण, खाली टेकू म्हणून तारेचा पाय, आणि विमानावर नेम धरण्यासाठी घडीचे पंखही होते. दस्ता दोन लाकडं खाचेत बसवून केलेला असे, त्यामुळे लाकूड वाचे आणि चिरत नसे. मग बॉम्बवर्षाव वाढला, पोलाद संपत आलं. एकेक गोष्ट गळत गेली. आधी तारेचा पाय आणि पंख गेले, मग झाकण, मग क्रोम. शेवटी दस्त्याच्या टाचेला लोखंडाऐवजी लाकडाची फळी खिळ्यांनी ठोकलेली, आणि लाकडावर रंधासुद्धा नीट फिरवलेला नाही. एका देशाची दमछाक अशी बोटाने चाचपता येते.

पण दिसायला ओबडधोबड असली तरी स्फोट ज्या भागावर येतो तो भाग बऱ्याच अंशी मजबूत राहिला. युद्धानंतर अमेरिकेत पी. ओ. ॲकली यांनी वेगवेगळ्या देशांच्या रायफली मुद्दाम जास्त दारू भरून फोडून पाहिल्या, त्यात अरिसाका फार चिवट निघाली. फुटल्याच्या गोष्टी आल्या त्या बऱ्याचशा कवायतीच्या नकली रायफलींमुळे. त्या ओतीव लोखंडाच्या, आतून गुळगुळीत नळीच्या, आणि फक्त आवाजाच्या काडतुसांसाठी केलेल्या होत्या. दिसायला सख्ख्या बहिणी. कुणी तरी त्यात खरं काडतूस घातलं की अनर्थ. म्हणून ८० वर्षं जुनी कुठलीही बंदूक जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय चालवण्याचा विचारही करू नये.

अशी बंदूक घरी ठेवता येते का?

ज्या जपानमध्ये ती बनली तिथे नाही. तिथल्या १९५८ च्या कायद्याने जुनी कलावस्तू म्हणून फक्त साधारण १८६७ पर्यंतच्या बंदुका नोंदवता येतात. तोड्याची बंदूक चालेल, अरिसाका नाही. तलवारींचंही तसंच आहे. हाताने घडवलेलं कलापूर्ण पातं नोंदवता येतं, पण युद्धात कारखान्यात कापून काढलेलं पातं नोंदवता येत नाही. त्यामुळे या वस्तूंचे मोठे साठे अमेरिकेत आहेत. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुरातन मानतात, आणि ५० वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो. त्याच्या ४५ व्या कलमात एक सूट आहे. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. सगळं वजन शेवटच्या अटीवर आहे. बोल्ट सरकणारी, चाप ओढता येणारी अरिसाका कितीही जुनी असली तरी ती बंदूकच. परवान्याशिवाय ती ठेवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, आणि वारसाने आलेली बंदूकही त्यात मोजली जाते. संगिनीचं पातं ४० सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे तिच्याबद्दलही जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं. १९७२ चा पुरावस्तू कायदा १०० वर्षांहून जुन्या वस्तूंचा. तो वेगळा आहे. एका कायद्यातून सुटलो म्हणजे दुसऱ्यातून सुटलो, असं होत नाही.

आपल्या देशात या वस्तू खरोखर सापडतात त्या मणिपूर आणि नागालँडमध्ये. १९४४ मध्ये इम्फाळ आणि कोहिमाच्या मोहिमेत जपानचे सुमारे ३० हजार सैनिक मेले, त्यांपैकी पुष्कळसे उपासमारीने आणि रोगाने. या लढाईत मराठी रक्तही सांडलं आहे. मार्च १९४४ मध्ये उख्रुलजवळच्या सांगशाक गावात पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना काही दिवस रोखून धरलं, आणि त्या तुकडीत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचे तिथे मोडलेले दिवस पुढे फार मोलाचे ठरले. कोकणात, साताऱ्याकडे, बेळगावच्या आसपास एखाद्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी आणलेलं काही असेल, तर ते या वाटेने आलेलं असू शकतं.

त्या डोंगरांत शेत नांगरताना, घराचा पाया खणताना आजही न फुटलेले बॉम्ब निघतात. गंजलेला गोळा हा कधीच शोभेची वस्तू नसतो. तो हलवायचा नाही, धुवायचा नाही, पोलिसांना कळवायचं. इम्फाळजवळ नंबोलला २०१९ मध्ये शांतता संग्रहालय उघडलं आहे. वस्तू कुठल्या उतारावर, कशाशेजारी सापडली हे टिपून ती अशा ठिकाणी दिली तर तिचा उपयोग होतो. नुसती उचलून आणली तर ते लोखंडच.

बंदूक सरकारची, झेंडा माणसाचा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बंदुकीवर शेवंती आहे, म्हणजे ती सरकारी. सैनिकाला ती दिली होती, उद्या काढूनही घेतली असती. ते सरकार हरलं, तेव्हा तिची मालकी गेली. झेंड्याचं तसं नाही.

त्या झेंड्याला ‘योसेगाकी हिनोमारु’ म्हणतात, सोप्या शब्दांत सांगायचं तर सगळ्यांनी मिळून लिहिलेला सूर्यध्वज. मुलगा लढाईला निघाला की आईबाप, शेजारी, शाळेतले गुरुजी, कारखान्यातले सोबती त्यावर सह्या करत. सूर्यातून किरणं निघावीत तशा त्या ओळी. वरच्या बाजूला बहुतेक वेळा चार मोठी अक्षरं, ‘बुउन चोक्यू’, म्हणजे युद्धात तुझं नशीब दीर्घकाळ टिको. सैनिक तो घडी करून गणवेशाच्या आत, अंगाशी बाळगत असे. तो शत्रूच्या हाती लागला तो बहुतेक वेळा त्याच्या प्रेतावरून.

दुसरी अशीच वस्तू म्हणजे ‘सेन्निनबारी’, हजार टाक्यांचा कंबरपट्टा. घरातली बाई रस्त्याच्या कडेला, स्टेशनवर उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडून लाल दोऱ्याचा एकेक गाठीचा टाका घालून घेई. हजार बायकांचे हजार टाके. ‘वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो’ अशी तिकडची समजूत, म्हणून वाघाच्या वर्षात जन्मलेल्या बाईला आपल्या वयाइतके टाके घालायची मुभा होती. काही पट्ट्यांत पाच सेनचं नाणं शिवलेलं असतं. ‘चार सेन’चा उच्चार आणि ‘मरणाची रेषा’ या शब्दाचा उच्चार एकच, ‘शिसेन’. पाच म्हणजे चारच्या पलीकडे, मरण ओलांडून गेलेला. आपल्याकडची बाई बाळाच्या गोधडीत काय काय मनात धरून टाके घालते, ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे नाणं समजावून सांगावं लागणार नाही.

पण तो जिंकलेला माल ना?

झेंडा उचलणारा सैनिकही मरणाच्या दाढेतून आला होता, त्याच्या नातवाला ही आठवण जपावीशी वाटली तर त्यात चूक काय? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. कायद्याने कुणी जबरदस्ती करतही नाही. पण दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. जपानबाहेरच्या रणभूमीवर त्यांचे सुमारे २४ लाख लोक मेले, आणि त्यांपैकी ११ लाखांहून अधिक जणांचे अवशेष अजून परत आलेले नाहीत. घरी एक पांढरी पेटी येई, आणि तिच्यात कधी दगड असे, कधी नाव लिहिलेला कागदाचा कपटा. अस्थीच नाहीत, तर पाण्यात सोडायचं काय, हे दुःख आपल्या समाजाला चांगलंच कळतं. त्या घरासाठी झेंडा म्हणजे त्या माणसाचं परत आलेलं एकमेव काही. ओरेगॉन राज्यातल्या अस्टोरिया गावी ओबोन सोसायटी नावाची संस्था हे झेंडे घरोघर पोचवते. तिच्या संस्थापक बाईंचे आजोबा ब्रह्मदेशात गेले ते परतले नाहीत, आणि त्यांचा झेंडा २००७ मध्ये घरी आला. तिथून हे काम सुरू झालं.

आणि त्यांनी केलेले अत्याचार?

हा आक्षेप सगळ्यात जड. अंदमान मार्च १९४२ पासून युद्धाच्या अखेरीपर्यंत जपानच्या ताब्यात होतं. ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रीगंज इथे ४४ भारतीयांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. तेव्हा जपानी शिपायांच्या खांद्यावर याच शेवंतीच्या बंदुका होत्या. हे विसरून कुणी अरिसाकाचं कौतुक करत असेल तर तो संग्रह नव्हे, ती भक्ती झाली. रायफल काचेआड ठेवणाऱ्याने शेजारच्या पाटीवर हम्फ्रीगंजही लिहावं. पण बंदूक वितळवली तर हम्फ्रीगंजचा एक पुरावा कमी होतो, आणि आईने दिलेला झेंडा परत गेला तर हम्फ्रीगंजच्या माणसांचं त्यात काहीही हिरावलं जात नाही.

झेंडा सापडलाच तर

आधी तो जुना आहे का ते पाहावं, कारण नकली पुष्कळ आहेत. खऱ्या झेंड्यावर आधी लिहिलं गेलं आणि मग तो महिनोन्महिने घडीत राहिला, म्हणून घडीच्या रेषेवर शाई झिजलेली असते. झिजलेल्या घडीवर शाई ताजी आणि धाग्यांत फुटलेली दिसली तर शंका घ्यावी. अतिनील दिव्याखाली कापड निळसर पांढरं चमकलं, टिनोपॉल घातलेल्या शर्टासारखं, तर ते बहुधा युद्धानंतरचं. धुवायचं नाही, इस्त्री नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. सपाट पसरून दिवसाच्या उजेडात फोटो काढायचे, चारही कोपरे यायला हवेत. देवळाचा लाल शिक्का असेल तर त्याचा वेगळा फोटो घ्यावा, त्यावरून गाव सापडू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाची कडेची उभी ओळ. इतर सह्यांपेक्षा मोठ्या अक्षरात तिथे एकच नाव असतं. ज्याच्यासाठी बाकी सगळ्यांनी लिहिलं, तो हा मुलगा.